पाकिटावरचं काळीज

दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्या बायकोनं पर्स उघडली, पाकीट काढलं, दोन बिस्किटं हातावर घेतली आणि गोळ्या घ्याव्यात तशी एकामागून एक खाल्ली. एवढंच झालं. पण शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या काळजात धस्स झालं. म्हणजे म्हणायची रीत आहे म्हणून काळजात, खरं तर पोटात. पाकीट पांढरं होतं आणि त्यावर तळहाताएवढं लाल काळीज छापलं होतं. खाली ठळक अक्षरांत ‘चरबी निम्म्यानं कमी’. ते पाकीट त्यानं झोपेतही ओळखलं असतं. आतल्या बिस्किटाची चव बारा वर्षांपूर्वी त्यानंच ठरवली होती, आणि त्या दिवसापासून त्याला पक्कं ठाऊक होतं की हे बिस्कीट फक्त मूर्ख लोक विकत घेतात. त्यानं विचारलं, हे काय. ती म्हणाली, चारची बिस्किटं, इथं उशीर होणार म्हणून बरोबर घेतली. मग ओठांच्या कडेचा चुरा रुमालानं टिपून तिनं पाकीट नीट दुमडलं आणि फाइलशेजारी ठेवून दिलं. चारची म्हणजे दुसऱ्याही कुठल्या वेळेची असणार.

तो बिस्किटांच्या कारखान्यात चव बघायचा. सव्वीस वर्षं झाली. हे ऐकलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि त्या पाणी सुटलेल्या तोंडांचा त्याला मनापासून तिटकारा होता. लोकांना वाटतं, बसून खायचं आणि महिना भरला की पगार घ्यायचा. खायचं कुठलं? चव बघायच्या खोलीत ओळीनं अरुंद कप्पे होते, प्रत्येकात एक खुर्ची, एक फळी आणि वर लाल दिवा. लाल अशासाठी की बिस्कीट कमी भाजलंय की जास्त, हे डोळ्यांना कळू नये. डोळे मोठे आगाऊ, जिभेच्या आधी मत देऊन मोकळे होतात. समोरच्या झडपेतून बशी यायची. तिच्यावर नाव नाही, फक्त तीन आकडे. घास घ्यायचा, अकरा वेळा चावायचा, टाळ्याला लावायचा, जिभेच्या मागच्या भागाला काय म्हणायचंय ते ऐकून घ्यायचं आणि झाकणाच्या कपात थुंकायचं. मग कोमट पाणी, पुन्हा थुंकायचं, मग कागदावर खूण. सव्वीस वर्षांत त्यानं कारखान्याचं एक बिस्कीट गिळलं नव्हतं. कामगार त्याला पाठीमागे थुंक्या म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि आतून जरासं आवडतही होतं. जगात माणसं दोनच तऱ्हेची, असं त्यानं केव्हाच ठरवून टाकलं होतं. काही थोडे थुंकणारे, बाकी सगळे गिळणारे. कुणी काहीही समोर धरावं, यांनी आ करावा.

आता समोरच्या बाकांवर ते गिळणारेच बसले होते. पोटावर फाइल टेकवून बसलेला एक गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होता की त्यानं अंड्यातला पिवळा भाग सोडलाय, लोणी सोडलंय, तळलेलं तर बघतसुद्धा नाही. आणि हे सांगताना हातातल्या बाटलीतून कसलंसं केशरी सरबत घोट घोट पीत होता. शेजारी कौतुकानं मान हलवत होता. भिंतीवर काळजाचं मोठं चित्र होतं, निळ्या-तांबड्या नळ्यांचं, त्यातली एक नळी पिवळ्या रंगानं बुजत आलेली. चरबी पिवळी दाखवतात, म्हणून लोकांना ती दिसते. साखर पाण्यात टाकली की दिसेनाशी होते, म्हणून लोकांच्या हिशेबी ती नसतेच. गाढवं, तो मनात म्हणाला. रोज पन्नासदा तरी तो हा शब्द मनात म्हणायचा, आणि पाच-सातदा उघड.

एरवी तो इथं आला नसता. बायकोबरोबर दवाखान्यात यायचं काम तिच्या भावाचं होतं. मेहुणा हा त्याच्या मते गिळणाऱ्यांचा मुकुटमणी. चहात चार चमचे साखर, वर साय, वर बडबड. पण मेहुण्याचा पाय मुरगळला आणि वेळ याच्यावर आली. आठ महिन्यांपूर्वी तिला झटका आला तेव्हाही हा कारखान्यात होता, लाल दिव्याखाली. तिला शेजाऱ्यांनी उचलून नेलं. एका नळीत जाळी बसवली. दुसरी अर्धी बुजलेली होती, तिच्यावर लक्ष ठेवू म्हणाले. त्यानंतर त्यानं स्वयंपाकघराचा ताबा घेतला, म्हणजे तेलाच्या बाटलीचा. दर रविवारी तो बाटलीवर पेनानं रेघ मारायचा: इथपासून इथपर्यंत आठवड्याचं तेल. लोणी बंद, साय बंद. साखर तर त्याच्या घरात पहिल्यापासूनच नव्हती. दिवसभर गोड थुंकून आलेल्या माणसाला घरी गोडाचा वासही नको असतो. ती सारं मुकाट्यानं करत होती. रेघेच्या खाली तेल कधी गेलं नाही. तरी दर तपासणीला रक्तातला कुठला ना कुठला आकडा चढलेलाच. तेव्हा त्यानं स्वतःशी निकाल दिला होता की ही चोरून खाते. भावाकडे जाऊन खात असेल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. त्या घराण्यात संयम कुणाला होता? एकदा तर त्यानं तिला तसं तोंडावर सांगितलं. ती ताट पुसत होती. पुसत राहिली.

नाव पुकारलं तेव्हा दोघं आत गेले. डॉक्टर तरुण होता, चुणचुणीत, आणि त्याच्या टेबलावर प्लॅस्टिकचं काळीज होतं, उघडून दाखवायचं. त्यानं कागद पाहिले आणि भुवया जवळ आणल्या. कोलेस्टेरॉल छान उतरलंय, म्हणाला, तेलातुपाचं पथ्य तुम्ही पाळताय हे दिसतंय. पण ही दुसरी चरबी, ट्रायग्लिसराइड, ती सारखी वाढतेय. ती नुसती चरबी खाऊन वाढत नाही. जास्तीची साखर, मैदा पोटात गेला की यकृत त्याचीच चरबी करून रक्तात सोडतं. गोड फार होतं का? ती म्हणाली, गोड नाहीच. चहासुद्धा बिनसाखरेचा. आणि नवऱ्याकडे हात करून, जराशा अभिमानानंच, म्हणाली, हे घरात गोड येऊच देत नाहीत. डॉक्टरनं त्याच्याकडे आदरानं पाहिलं. मधल्या वेळी काय घेता, यावर तिनं सांगितलं, दोन बिस्किटं, ती काळजाची. ‘ती चालतील, त्यांत चरबी कमी असते,’ असं म्हणून डॉक्टर पुढं लिहायला लागला.

पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचायला किती वेळ लागतो? चार सेकंद. एवढं शिकून, एवढी प्लॅस्टिकची काळजं उघडून मिटून, या पोराला पुढचं काळीज दिसलं आणि मागची अक्षरं दिसली नाहीत. त्याला डॉक्टरची इतकी कीव आली की क्षणभर बरंच वाटलं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण अजून काही बोललेलो नाही. बोलायला हवं होतं ते एकच वाक्य. ते तोंडात आलंही, अगदी जिभेच्या शेंड्यावर. डॉक्टर म्हणत होता, अजून तीन महिने बघू. आकडे खाली आले नाहीत आणि ती दुसरी नळी आणखी बुजली, तर मात्र छाती उघडावी लागेल. मग सहज, लिहिता लिहिता, त्यानं विचारलं, ‘तुम्ही काय करता?’

‘कारखान्यात असतो,’ तो म्हणाला.

बस अर्धी रिकामी होती. ती खिडकीशी बसली आणि डोळे मिटून घेतले. तिची छाती हळूहळू वर-खाली होत होती. त्याला आठवलं, पहिला तुकडा तोंडात घेतला तेव्हा तो पुठ्ठ्यासारखा लागला होता. बिस्किटातली निम्मी चरबी काढा, असं वरून फर्मान आलं होतं, कारण दुसऱ्या एका कारखान्यानं काढली होती. चरबी काढली की बिस्किटाचा जीवच जातो. ते विरघळत नाही, टाळ्याला चिकटून बसतं, वासही धरत नाही. आठ दिवस झडपेतून बशा येत राहिल्या आणि तो थुंकत राहिला. मग त्यानंच सांगितलं, साखर वाढवा. शंभरात बावीस होती. पंचविसाला कडकपणा गेला, अठ्ठाविसाला वास उघडला, एकतिसाला, बशीवर आकडे होते सहाशे सदतीस, त्याच्या जिभेनं मान डोलावली. ते बिस्कीट खोटं आहे हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. कारखान्यातल्या कुणालाही तो बिंदू सापडला नसता, आणि सापडल्याच्या क्षणी त्याला झालेला आनंद खरा होता, लाल उजेडात एकट्यानं बसून झालेला. त्यानंतरच्या बैठकीत जाहिरातवाला आला, अत्तर लावून, चव बघणाऱ्यांच्या दारात अत्तर लावून, आणि त्यानं पाकिटाचं चित्र टेबलावर ठेवलं. काळीज. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जाहिरातवाला म्हणाला, यात खोटं एक अक्षर नाही. चरबी निम्मी आहे, ते आम्ही लिहिलं. काळीज आहे, ते तर प्रत्येकाला असतं. सगळे हसले. तोही हसला. त्याला त्या सगळ्यांची किळस आली होती, तरी तो हसला. बैठकीतून तोंड धुवायला उठून जाता येत नाही.

त्या संध्याकाळी घरी जेवताना त्यानं ही गोष्ट बायकोला रंगवून सांगितली होती. पुढचं त्याला स्पष्ट आठवत होतं. आता बघ गंमत, तो म्हणाला होता, लोक हे औषध म्हणून खातील. चरबीच्या जागी साखर गिळतील आणि वर आम्हालाच दुवा देतील. जगात मूर्खांचा दुष्काळ कधी पडायचा नाही. ती हं म्हणाली होती. ती हंच म्हणायची, त्यानं शेजाऱ्यांच्या मुलाच्या लग्नाबद्दल सांगितलं तरी, साहेबाच्या नव्या चष्म्याबद्दल सांगितलं तरी. बसमध्ये हे आठवल्यावर त्याचा राग आधी तिच्यावर गेला. सांगितलं होतं ना हिला? स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. पाण्यात राहून कोरडी राहिलेली बाई. आणि मग बसला धक्का बसून तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. ती जागी होऊन सॉरी म्हणाली आणि सरळ बसली. तीस वर्षं संसार केलेली बाई खांद्याला डोकं लागलं म्हणून सॉरी म्हणते, हे त्याला त्या घडीला फार लागलं. का लागलं, यात तो शिरला नाही.

घरी येईपर्यंत त्यानं बेत रचला होता. सांगायचं काही नाही. ती आत पडली की डबा रिकामा करायचा, उद्या म्हणायचं की कारखान्यानं ते बिस्कीट बंद केलं. माणसांना खरं सांगून शहाणं करता येत नाही, त्यांच्या समोरचं ताट काढून घ्यावं लागतं. ती आडवी झाल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. डबा शोधावाही लागला नाही. चपटा पत्र्याचा डबा तेलाच्या बाटलीला खेटून उभा होता. आठ महिने, दर रविवारी, बाटलीवर रेघ मारताना त्याचं कोपर त्या डब्याला लागत असणार. त्यानं झाकण काढलं. दोन पाकिटं फोडलेली, तीन बंद. झाकणाच्या आत चिकटपट्टीनं कागद लावलेला, तिच्या गोल अक्षरात: सकाळी दोन, चारला दोन, रात्री गोळीआधी दोन. रोजची सहा. त्याचं डोकं आपोआप साखर मोजायला लागलं आणि त्यानं त्याला मोजू दिलं नाही. सवयीनं त्यानं एक बिस्कीट उचललं आणि तुकडा तोंडात टाकला. एक, दोन, तीन. बारा वर्षांत बिस्कीट तसूभर बदललं नव्हतं. सहाशे सदतीस. उत्तम काम होतं. कुणी केलं होतं ते त्याला माहीत होतं.

‘भूक लागली का?’ ती दारात उभी होती.

त्यानं तुकडा गालाशी सारला. ‘ही खायची नाहीत आजपासून.’

‘का? डॉक्टर आत्ताच तर चालतील म्हणाले.’

‘डॉक्टर गाढव आहे.’

‘आधीच्या डॉक्टरलाही तुम्ही गाढवच म्हणाला होता,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. ‘त्यानं जाळी बसवली मला.’

मग त्यानं सांगितलं. धड सांगता आलं नाही. तोंडात तुकडा होता आणि मध्ये मध्ये जाहिरातवाला येत होता, साहेब येत होता, ते सगळे कसे हरामखोर आहेत ते येत होतं. पण एकतीसचा आकडा त्यानं सांगितला, आणि तो कुणी काढला तेही. आपण चोरून खाण्याचा आळ घेतला होता, ते मात्र त्यानं काढलं नाही. ती स्टुलावर बसली. ऐकून घेतलं. तिला धक्का बसेल, ती रडेल, निदान डबा आपटेल, अशी त्याची तयारी होती.

‘हे माहीत आहे मला,’ ती म्हणाली. ‘बारा वर्षांपूर्वी जेवताना सांगितलं होतं तुम्ही. मूर्ख लोक खातील म्हणाला होता.’

‘मग?’ तो ओरडलाच. ‘माहीत होतं तर खाल्लीस कशी?’

‘तुम्ही सगळ्यांनाच म्हणता हो. शेजाऱ्यांना म्हणता, माझ्या भावाला म्हणता, डॉक्टरला म्हणता, मला म्हणता. तीस वर्षं रोज. त्यातलं कुठलं खरं म्हणून धरायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, हे बघायचं मी केव्हाच सोडलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा घाबरले होते फार. दुकानात पाकीट दिसलं. म्हटलं, वर काळीज आहे, आपल्या घरच्या माणसानं चव बघितलेली बिस्किटं आहेत. मला गोड लागायची, नाही असं नाही. पण म्हटलं, चवीतलं त्यांना कळतं, आपल्याला काय कळतंय.’

सव्वीस वर्षं त्यानं ज्यांना हसून घेतलं होतं ते सगळे कुठंतरी लांब, पाकिटं बनवणाऱ्या यंत्राच्या पलीकडं राहतात, असं त्याला वाटत आलं होतं. त्यांना तोंड होतं, चेहरा नव्हता. आता त्यांतली एक समोर स्टुलावर बसली होती, पायांना सूज आलेली, आणि तिनं त्याच्या जिभेवर विश्वास ठेवून स्वतःची जीभ खोटी पाडली होती. आणि तो एकदा खरं बोलला होता, तेव्हा ते रोजच्या शिव्यांच्या ढिगात पडलं होतं. कुणी कशाला वेचून काढावं? त्याला लाज वाटली. उघडी, साधी लाज, जिच्यावर टाकायला एकही गाढव हाताशी नव्हतं.

‘मला एवढंच सांगा,’ ती म्हणाली, ‘आणि कुणाला काही न म्हणता सांगा. खाऊ की नको?’

त्याला उत्तर द्यायचं होतं, पण तोंडात तो लगदा होता. अकरा वेळा चावून कधीच झालं होतं. तो सवयीनं कप शोधायला लागला. ओट्यावर कप नव्हता, मोरी तिच्या पाठीमागं होती, आणि ती मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत थांबली होती. तिच्या अंगावरून वाकून आता थुंकायचं? ते त्याला जमलं नाही. त्यानं गिळलं. घशातून खाली जाताना ते गोड लागलं, नुसतं गोड, मागं काहीच नाही. इतक्या वर्षांत त्या बिस्किटाबद्दल एवढं त्याला कधी कळलं नव्हतं.

‘नको खाऊस,’ तो म्हणाला. ‘यानं तुझं काळीज बिघडतंय.’

तिनं मान डोलावली. उठली, डबा घेतला आणि पाकिटं एकेक करून कचऱ्याच्या बादलीत टाकली. झाकणातला कागद सोलून काढला. मग फाइलवरचा दवाखान्याचा नंबर त्याच्यासमोर धरला.

‘डॉक्टरांना सांगा आता हेच. असंच, आत्ता सांगितलंत तसं. बाहेर तो अंडं सोडलेला माणूस बसला होता ना, तोही यांचंच ऐकणार.’ आणि आत जाता जाता म्हणाली, ‘कुठे काम करता तेही सांगा.’

त्यानं फोन लावला. पलीकडून बाईनं विचारलं, पेशंटचं नाव काय, काम काय. डॉक्टरांशी बोलायचंय, तो म्हणाला, पथ्याबद्दल. तिनं विचारलं, कोण बोलतंय? घसा अजून चिकट होता. त्यानं पाण्याचा घोट घेतला, तोही गिळला, आणि सांगितलं, बिस्किटांच्या कारखान्यात चव बघतो मी.